बावीस नंबरच्या भिंतीवरची पिवळी फुली

पुरवणी जबाब. मंगळवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे.

मी, खाली सही करणारा, वय बावन्न वर्षे, धंदा नोकरी, आपत्ती निवारण खात्यात वॉर्ड कारकून, राहणार सरकारी वसाहत, तिसरी इमारत, खोली नंबर अकरा. आज कुणी बोलावलेलं नसताना स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर राहून समक्ष सांगतो की, गेल्या शनिवारी याच टेबलावर मी एक जबाब दिला आहे. त्यात मी तीन गोष्टी खोट्या सांगितल्या. त्या खोटेपणामुळे खात्याचा बोटचालक, ज्याला आम्ही सगळे पाणकोंबडा म्हणतो, रविवारपासून इथल्या कोठडीत आहे. त्याचा काही दोष नाही. कसा नाही, ते पहिल्यापासून सांगतो.

मयत ही माझी सख्खी थोरली बहीण. वय एकसष्ट, धंदा पुस्तकबांधणी, राहणार पुलाखालची गल्ली, घर नंबर बावीस. घर एकमजली. खाली कारखाना, म्हणजे एक दाबयंत्र, एक मोठी कात्री, खळीचं पातेलं आणि कागदाचे गठ्ठे. वर राहायची एक खोली. ती एकटी राहत असे. आमची आई लवकर गेली, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ताई पंधरा. पुढचं हवालदार म्हणाले लिहायची गरज नाही. ठीक आहे.

वादळाची सूचना आली की आमचं खातं काय करतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. बोटींची इंजिनं चालवून बघतात. डिझेलचे पिंप उंचावर नेतात. पंपघराभोवती वाळूची पोती रचतात. शाळा उघडून तिथे लोकांची सोय करतात आणि सखल गल्ल्यांतून बस फिरवतात. हे सगळं या वेळीही झालं, वेळेत झालं आणि चांगलं झालं. खात्याने हातावर हात ठेवले असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पुरात बोटींचा अर्धा दिवस रिकाम्या घरांची दारं वाजवण्यात गेला. त्यानंतर मी खात्याला एक पद्धत सुचवली. घर रिकामं झालं की दाराच्या चौकटीच्या वर, पाणी सहसा पोचणार नाही अशा उंचीवर, लांब दांड्याच्या ब्रशने पिवळ्या ऑइलपेंटची फुली मारायची. फुली दिसली की बोटीने थांबायचं नाही, पुढच्या घराकडे जायचं. पद्धत मंजूर झाली आणि मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते आमच्या खोलीत घड्याळाखाली लावलेलं होतं. काल मी ते उतरवलं.

फुली मारायचा नियम असा आहे. आधी कुलूप, मग सही, मग फुली. घरातली माणसं बाहेर, दाराला कुलूप आपल्या डोळ्यांदेखत, त्यानंतर रजिस्टरात घरमालकाची सही आणि शेवटी रंग. हा क्रम मीच ठरवला. प्रशिक्षणात मी तो इतक्या वेळा घोकून घेतला की नवीन मुलं माझ्या पाठीमागे माझ्याच आवाजात 'आधी कुलूप' म्हणून हसायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करत असे. मनातून मला बरं वाटायचं.

गेल्या मंगळवारी, म्हणजे आजपासून बरोबर आठवड्यापूर्वी, वादळ संध्याकाळी किनाऱ्याला लागणार होतं. पुलाखालच्या गल्लीत चौसष्ट घरं आहेत. दुपारी दोनपर्यंत पंचावन्न घरं झाली होती. आमच्या वॉर्डाच्या साहेबांचा फोन आला. ते म्हणाले, "चार वाजता वर आकडा द्यायचाय. शंभर टक्के पाहिजेत. नव्याण्णव सांगायला मला तोंड नाही." मी हो म्हणालो. याआधी कधी त्यांना नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

दोन चाळीसला मी बावीस नंबरला पोचलो. दार सताड उघडं होतं. ताई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती, मांडीवर पाच पुस्तकं. वाचनालयाची दीडशेच्या आसपास पुस्तकं तिच्याकडे बांधायला आली होती. ती पाच-पाच करून वर नेत होती आणि गुडघ्यांमुळे दर तीन पायऱ्यांवर बसत होती.

मला बघून म्हणाली, "आले का सरकार!"

मी म्हणालो, "ताई, कोपऱ्यावर बस उभी आहे. चल."

"ही एवढी वर नेते आणि निघते. दुसऱ्यांची आहेत रे. भिजली तर काय तोंड दाखवू?"

"पुस्तकांचं काय एवढं घेऊन बसलीस? अजून आठ घरं आहेत माझी."

"मग जा की तिकडे. मला काय कडेवर घेऊन जाणार आहेस? पाचच्या बसने येते मी. सही कुठे करू तेवढं दाखव."

मी रजिस्टर पुढे केलं. खात्याची सगळी रजिस्टरं तिच्याच हातची आहेत, पाठीला काळं कापड. सही करताना तिने रजिस्टर उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "शिवण सैल केलीस. वादळ गेलं की आणून टाक माझ्याकडे." मी दोन गठ्ठे उचलून वर नेऊन ठेवले. तेवढ्यात साहेबांचा पुन्हा फोन आला. मी खाली उतरलो, बाहेर जाऊन डबा उघडला आणि चौकटीच्या वर फुली मारली.

कुलूप मी मागितलं नाही. पुन्हा सांगतो, मागितलं नाही. रंगाचा डबा आणि तो दांडा घेऊन परत या टोकाला येणं जिवावर आलं होतं, हे एक. आणि जिने मला शाळेच्या वेळी हाताला धरून नेलं तिला, ताई, आधी कुलूप दाखव, असं कोणत्या तोंडाने म्हणणार, हे दुसरं. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर मी दाराशी ठाण मांडून बसलो असतो. बारा नंबरच्या म्हाताऱ्याला मी हाताला धरून बाहेर काढलं होतं, त्याच्या शिव्या खाऊन.

ताई दारात आली. फुलीकडे बघून म्हणाली, "काय रे छोट्या हे! भिंतीची शोभा केलीस. आता हे पुसून कोण देणार?"

मी म्हणालो, "पाणी ओसरलं की मीच येऊन पुसून देईन."

"नक्की?"

"नक्की."

चार वाजता वॉर्डाच्या बोर्डावर शंभर टक्के लिहिलं गेलं. साहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला. पाच वीसला बसचा ड्रायव्हर परत आला आणि म्हणाला, कोपऱ्यावर कुणी नव्हतं, पाच मिनिटं हॉर्न वाजवला. मी ताईला फोन लावला. वाजला, पण उचलला नाही. ती फोन कुठेही ठेवून विसरते. कुणाच्या तरी गाडीतून शाळेत गेली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. जीप बाहेर उभी होती, चावी खिळ्याला होती, ताईचं घर अकरा मिनिटांवर. वारा वाढला होता, तरी जीप गेली असती. पण गेलो असतो तर बोर्डावरचे शंभर पुसावे लागले असते, आणि का पुसले ते सांगावं लागलं असतं. मी चहा प्यायलो.

पावणेसहाला टॉवर गेला. त्यानंतर फोन नाही.

बुधवारी पहाटे समुद्राचं पाणी खाडीतून उलटं आलं. पुलाखालच्या गल्लीत ते दाराच्या चौकटीपर्यंत चढलं. सहा वाजता बोटी निघाल्या. नियंत्रण कक्षात वायरलेसवर मी होतो, नोंदवहीही माझ्याकडेच होती. अकरा चाळीसला पाणकोंबड्याचा आवाज आला. वाऱ्यामुळे आणि इंजिनामुळे तुटक येत होता, पण मला सगळं कळलं. तो म्हणाला, "बावीस नंबरातून कसलातरी आवाज येतोय. ठणठण. वर फुली आहे. बोटीत अकरा माणसं आहेत, एक बाई अवघडलेली आहे. थांबू का?"

मी म्हणालो, "बावीस रिकामं आहे. सही आहे माझ्यासमोर. पत्रा वाजत असेल. पुढे जा."

तो म्हणाला, "नक्की का?"

मी म्हणालो, "अरे, माझ्या बहिणीचं घर आहे ते. मला माहीत नसणार का?"

तो पुढे गेला. हे बोलणं मी नोंदवहीत लिहिलं नाही. तेव्हा मुद्दाम नाही, घाईत राहून गेलं. शनिवारी मात्र मुद्दाम सांगितलं की अशी विचारणा आलीच नाही. ते खोटं.

संध्याकाळी सव्वासातला शाळेतून निरोप आला की पुस्तकं बांधणारी बाई तिथे आलेलीच नाही. तेव्हा मला ती ठणठण आठवली. ताईकडे आईच्या वेळचं पितळी ताट होतं. त्या निरोपापासून सकाळपर्यंत काय झालं ते मी सांगणार नाही, त्याचा तपासाशी संबंध नाही.

गुरुवारी दुपारी पाणी उतरलं. मयत शेजारच्या घराच्या कुंपणाला अडकलेली सापडली. ओळख मीच पटवली. वरच्या खोलीत पाणी पोचलं नव्हतं. सगळी पुस्तकं वर होती, भिंतीला लावून, पाच-पाचाचे ढीग. एकही भिजलेलं नव्हतं. ती तिथे नुसती बसून राहिली असती तरी वाचली असती, आणि आम्ही म्हणालो असतो, एवढं काय घाबरायचं होतं.

गुरुवारी संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "फार वाईट झालं हो. पण कागद आपले स्वच्छ आहेत. सही म्हणजे सूचना मिळाल्याची पोच. त्या स्वतःच्या मर्जीने मागे राहिल्या." मंगळवारी चार वाजता सही म्हणजे घर रिकामं होतं. गुरुवारी सहा वाजता ती पोच झाली. मग ते म्हणाले, "उद्या अकराला पंचनामा आहे. त्याआधी एकदा घर बघून या." फुली पूस असं ते म्हणाले नाहीत. हे मी स्पष्ट सांगतो, कारण माझं पाप दुसऱ्याच्या गळ्यात घालायची सवय मला आता मोडायची आहे.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी बावीस नंबरला गेलो. सोबत टर्पेंटाइनची बाटली, तारेचा ब्रश आणि खात्याची शिडी. फुली घासून काढली. भिंतीला डाग राहिला, म्हणून त्यावर अंगणातला चिखल चोपडला. पाऊण तास लागला. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "हातांना कसला वास येतोय तुमच्या?" मी म्हणालो, पुराचा. ती माझ्याकडे बघत राहिली आणि आत गेली. शनिवारी मी इथे लिहून दिलं की शुक्रवारी सकाळी मी घरीच होतो आणि बावीस नंबरवर फुली मी मारलीच नव्हती. दोन्ही खोटं.

ताईला पुसून देईन म्हणालो होतो, तेवढा शब्द पाळला.

हवालदारांनी विचारल्यावरून सांगतो की याला पुरावा आहे. बावीस नंबरची भिंत आजही तशीच आहे. पाण्याची रेघ चौकटीच्या वरच्या पट्टीला आहे. मी चोपडलेला चिखल तिच्या हातभर वर आहे. तिथे पाणी गेलंच नाही, तर चिखल कुठून येणार? पंचनाम्याला पाच माणसं होती, सगळ्यांनी मान वर करून पाहिलं, आणि 'फुली दिसून येत नाही' असं लिहिलं. चिखल खरवडला तर खाली पिवळा रंग भिंतीच्या रंध्रांत सापडेल. तो अजिबात न राहावा इतकं चांगलं काम मला येत नाही.

समोरच्या गच्चीवर अडकलेल्या इस्त्रीवाल्याने जबाबात सांगितलं आहे की साडेअकरा-पावणेबाराच्या सुमाराला बोट बावीस नंबरसमोर थोडी थांबली आणि निघून गेली. त्यावरून पाणकोंबड्यावर गुन्हा दाखल झाला. तो पहिल्यापासून सांगत होता की वर फुली होती आणि आपण वायरलेसवर विचारलं होतं. भिंतीवर फुली नाही, नोंदवहीत विचारणा नाही. त्याचं कोण ऐकणार?

काल, सोमवारी, मयताच्या वस्तू ताब्यात घ्यायला मी इथे आलो होतो. त्याला कोठडीतून बाहेर आणत होते, व्हरांड्यात समोरासमोर आलो. मला वाटलं, आता हा माझ्या अंगावर धावून येणार. तो थांबला आणि त्याने हात जोडले. म्हणाला, "भाऊसाहेब, तुमच्या ताई गेल्या हो. मी थांबायला हवं होतं."

मी म्हणालो, "तू विचारलं होतंस ना वायरलेसवर?" हे मी का विचारलं मला माहीत नाही. कदाचित त्याने माझं नाव घ्यावं, म्हणजे सुटलो, असं वाटलं असेल.

तो म्हणाला, "मला वाटत होतं विचारलं म्हणून. पिवळंही दिसलं होतं असं वाटतंय. पण सगळे नाही म्हणतात. तीन दिवस आठवतोय, आता माझाच भरवसा राहिला नाही. पाण्यात डोळ्यांना काहीही दिसतं. माफ करा मला."

ह्या माणसाने त्या दिवशी एकट्याच्या बोटीतून त्र्याहत्तर लोक बाहेर काढले. त्या अवघडलेल्या बाईला वेळेत दवाखान्यात पोचवलं, तिला मुलगी झाली. आणि तो माझी माफी मागत होता. मी मान हलवली, म्हणजे माफ केल्यासारखी. हवालदार, हे लिहा. मी त्याला माफ केलं, असं त्याला वाटू दिलं.

तुला फुली दिसली होती. ती तिथे होती. तू विचारलं होतंस आणि नको म्हणणारा मी होतो. हे त्याला आजच वाचून दाखवावं अशी माझी विनंती आहे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होईल. पण आपलं डोकं ठिकाणावर आहे, हे त्याला आधी कळलं पाहिजे.

एक वस्तू हजर करायची आहे. काळ्या कापडाची पट्टी, लांबी साधारण दीड हात, रुंदी वीतभर, एका बाजूला वाळलेली खळ. खात्याच्या रजिस्टरच्या पाठीला हेच कापड आहे, जुळवून पाहावं. शुक्रवारी सकाळी शिडीवर चढलो तेव्हा ती मला फुलीवर मिळाली. एक कोपरा तेवढा भिंतीला धरून होता, बाकी खाली लोंबत होती. मी ती खिशात घातली आणि फुली पुसली. पट्टी चार दिवस माझ्या खिशातच आहे.

इस्त्रीवाल्याने सांगितलं आहे की साडेबाराच्या सुमाराला मयत वरच्या खिडकीतून बरीच बाहेर वाकून काळं कापड हलवत होती, मग पावसाची मोठी सर आली आणि नंतर ती दिसली नाही. गच्चीवरून त्याला तसं दिसलं असेल. त्याची चूक नाही. पण ती कापड हलवत नव्हती. बोट फुलीमुळे गेली हे तिला कळलं होतं. फुली मारल्यावर तिने दारात येऊन ती पाहिली होती, फुली म्हणजे काय हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. खळ पावसात टिकत नाही, हे तर माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी ती खिडकीतून वाकून, गुडघे तसे असताना, हात पोचेल तिथवर फुलीवर कापड चिकटवत होती. मी लिहिलेलं ती झाकत होती.

यापलीकडे मला काही सांगायचं नाही. जबाब हवालदारांनी मला अक्षरन् अक्षर वाचून दाखवला. एका ठिकाणी 'मयत' लिहिलं होतं तिथे 'ताई' करा म्हणालो, ते म्हणाले तसं करता येत नाही, तेव्हा राहू दिलं. बाकी मी सांगितलं तेच आणि तसंच लिहिलं आहे. सगळं लिहून झालं, वाचून झालं, आणि मगच सही करत आहे. या वेळी आधी केलेली नाही.

समक्ष
(सही)
वॉर्ड कारकून